जुन्या व्हॅनमधील पाण्याची छुपी गळती

(भैंसा येथे प्रवासी वाहनांचे चालक, मालक आणि कारागीर यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भैंसा शहराला रेल्वे नाही. आगगाडी गाठावयाची तर तीस-पस्तीस किलोमीटरवरील बासर स्थानकाकडे जावे लागते. पश्चिमेस भोकरमार्गे नांदेड आणि पूर्वेस निर्मल, या दोन्ही गावांना भैंसा जोडले गेले आहे ते राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ ने. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुधोळ तालुक्यातील भैंसा मंडळ नांदेड जिल्ह्यातच होते. पुढे ते आदिलाबाद जिल्ह्यात गेले आणि २०१६ साली नव्या निर्मल जिल्ह्यात समाविष्ट झाले. नकाशावरील रेषा बदलल्या, तरी सोयरीक, बाजार आणि दवाखाना या तीन कारणांसाठी माणसांची ये-जा पूर्वीप्रमाणेच दोन्ही दिशांनी चालू राहिली. या ये-जेचा फार मोठा भार ज्या वाहनांवर आहे त्यांत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे वापरलेल्या व्हॅन गाड्यांची संख्या लहान नाही. वसंत पंचमीला लेकरांना अक्षराभ्यासासाठी बासरच्या सरस्वती मंदिरात नेणारी गाडी तीच, कापसाच्या हंगामात शेतकऱ्यांना बाजार समितीत आणून सोडणारी तीच, आणि मध्यरात्री एखाद्या अडलेल्या बाईला घेऊन नांदेडच्या रस्त्याला लागणारीही तीच.

अशी गाडी दिवसा बाजारपेठेत बंद पडली तर खोळंबा होतो. रात्री, रुग्ण आत असताना, दोन गावांच्या मधोमध बंद पडली तर त्यास खोळंबा म्हणून भागत नाही. जुनी गाडी वाटेत बंद पडण्याची जी कारणे आहेत, त्यांत इंजिन तापणे हे प्रमुख होय, आणि इंजिन तापण्याच्या मुळाशी बहुधा पाण्याची गळती असते. गळती डोळ्यांना दिसली तर कोणीही तिचा बंदोबस्त करतो. आजचा विषय आहे तो न दिसणाऱ्या गळतीचा. गाडीखाली थेंब नाही, नळी ओली नाही, आणि तरीही दर आठवड्यास पाणी कमी होते. कारागिरांच्या भाषेत सांगावयाचे तर, ‘गाडी पाणी पिते’.

गाडी पाणी पीत नाही, हे आधी मनाशी पक्के करावयास हवे. रेडिएटर, इंजिनाभोवतीची पोकळी, पंप, नळ्या आणि बाजूची प्लॅस्टिकची टाकी मिळून एक बंदिस्त मंडल तयार होते. त्यात भरलेले पाणी वर्षानुवर्षे तेच फिरत राहावे अशी त्याची रचना असते. पाणी कमी झाले, याचा अर्थ ते कोठून तरी बाहेर गेले. बाहेर जाण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. एक तर ते इंजिनाबाहेर सांडले, किंवा इंजिनाच्या आत शिरून धुराबरोबर निघून गेले, किंवा ऑइलमध्ये मिसळले, किंवा टोपणावाटे वाफ होऊन उडाले. ‘जुनी गाडी आहे, थोडे पाणी लागणारच’ हे वाक्य बाजारात इतके रूढ झाले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणास वाटत नाही. वास्तविक हे वाक्य म्हणजे निदान टाळण्याची पळवाट आहे.

येथे टोपणाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण शंभर-दोनशे रुपयांच्या या वस्तूकडे सर्वांत कमी लक्ष जाते. घरातील प्रेशर कुकर आणि रेडिएटरचे टोपण यांचे तत्त्व एकच. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांना उकळते. टोपणातील स्प्रिंग आतील दाब धरून ठेवते, त्यामुळे उकळण्याचा बिंदू वर जातो. ज्या टोपणावर ०.९ हा आकडा कोरलेला असतो, ते वातावरणाच्या दाबापेक्षा ०.९ बार, म्हणजे कारागिरांच्या हिशेबाने तेरा पौंड, अधिक दाब धरते. एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी आणि कूलंट समप्रमाणात असेल तर ही मर्यादा आणखी वर सरकते. आता टोपणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग मऊ पडली, तर दाब धरला जात नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना, गाडी भरलेली असताना आणि निर्मलपुढील महबूब घाटाचा चढ समोर असताना, असे पाणी लवकर उकळते आणि टोपणाखालच्या बारीक नळीतून वाफेच्या रूपाने निघून जाते. गाडी सपाटीवर आली की सारे शांत होते. खाली थेंब नाही, नळी ओली नाही.

टोपणात आणखी एक छोटी झडप असते. इंजिन निवू लागले की आतील पाणी आकुंचन पावते आणि बाजूच्या टाकीतील पाणी या झडपेतून परत आत ओढले जाते. ही झडप चिकटली तर टाकी भरलेली दिसते, पण रेडिएटर रिकामा होत जातो. केवळ टाकीवरील खुणेकडे पाहून समाधान मानणारा चालक येथे फसतो. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना टोपण उघडून रेडिएटर काठोकाठ आहे की नाही हे पाहावे, आणि वरची रबरी नळी चिपकून चपटी झाली आहे काय, तेही पाहावे. चपटी नळी ही या झडपेचीच तक्रार आहे.

इंजिन गरम असताना टोपण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असूनही दर उन्हाळ्यात कोणाचा तरी चेहरा आणि हात भाजतात. दाब सुटताच शंभर अंशांपेक्षा अधिक तापलेले पाणी एका क्षणात वाफ होऊन उसळते. ओले फडके टाकून टोपण फिरवणे हा संरक्षणाचा उपाय नव्हे. अर्धा-पाऊण तास थांबणे, हाच एक उपाय.

आता मुख्य विषयाकडे वळू. उदाहरणादाखल एक गाडी कल्पावी. बारा वर्षे वापरलेली डिझेल व्हॅन, भैंसा ते बासर अशा रोज दोन-तीन फेऱ्या, कधी मधी नांदेड. दर आठवड्यास तिला अर्धा लिटर पाणी घालावे लागते. मालकाने प्रथम टोपण बदलले. फरक पडला नाही. मग वरची नळी बदलली. मग रेडिएटर उतरवून डाग दिला. मग कोणीतरी सांगितले म्हणून रेडिएटरमध्ये हळद टाकली. पाणी कमी होतच राहिले. खर्च झाला तो झालाच, शिवाय गाडी तीन दिवस उभी राहिली.

या मालकाने जे केले नाही, ते म्हणजे गणित. अर्धा लिटर म्हणजे ५०० मिलिलिटर. आठवड्यात गाडी सुमारे पंचवीस तास चालली असे धरू. म्हणजे तासाला २० मिलिलिटर. पाण्याच्या एका थेंबाचे आकारमान साधारण एक-विसांश मिलिलिटर असते, म्हणून तासाला ४०० थेंब, अर्थात दर नऊ सेकंदांस एक थेंब. तापलेल्या इंजिनावर दर नऊ सेकंदांनी पडणारा एक थेंब जमिनीपर्यंत पोहोचेल काय? तो वाटेतच आटून जातो. गाडीखाली ओल दिसत नाही, एवढ्यावरून गळती आतच आहे असा निष्कर्ष काढणे किती घाईचे ठरते, हे या साध्या हिशेबावरून ध्यानात यावे. हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही उपयोगी पडतो. गाडी उभी असताना पाणी कमी होते की चालताना? सपाटीवर की चढावर? यासाठी एक चोपडी ठेवावी. दर सकाळी, त्याच जागी, इंजिन थंड असताना पातळी पाहावी. किती पाणी घातले ते मापाने मोजावे. आदल्या दिवशी किती किलोमीटर आणि कोणत्या रस्त्याने गाडी गेली ते लिहावे. आठ दिवसांची अशी नोंद ही कारागिराच्या हाती दिलेली सर्वांत मोठी मदत होय.

आटून गेलेला थेंब मात्र मागे खूण ठेवून जातो. कूलंट वापरत असाल तर हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी रंगाचा चिकट थर उरतो. काळ्या जमिनीच्या या मुलखात बोअरचे पाणी बहुधा जड असते. तेच रेडिएटरमध्ये घालत असाल तर चुन्याचा पांढरा ओघळ उरतो, चहाच्या पातेल्याच्या कडेला उरतो तसाच. हा ओघळ शोधावयाचा आहे, ओल नव्हे. त्यासाठी इंजिन आधी स्वच्छ असले पाहिजे. बारा वर्षांच्या तेलकट चिखलात चुन्याची एक रेघ कोणास दिसणार? म्हणून पहिले काम धुलाईचे. इंजिन थंड असताना, विजेच्या जोडण्या आणि हवेच्या गाळणीचे तोंड झाकून, बाहेरून ते स्वच्छ धुवून वाळवावे आणि मग दोन दिवस गाडी नेहमीप्रमाणे चालवावी.

आपल्याकडील व्हॅनची ठेवण या कामात आड येते, हे मान्य करावयास हवे. १९८४ साली रस्त्यावर आलेल्या आणि २०१९ पर्यंत तयार होत राहिलेल्या मारुती व्हॅनचे, म्हणजे पुढच्या ओम्नीचे, तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. आसन उचलल्याशिवाय ते दिसत नाही आणि उचलल्यावरही वरचा भागच दिसतो. बजाज टेम्पोच्या मॅटडोरमध्ये इंजिन चालकाच्या शेजारी झाकणाखाली असे. ज्या गाड्यांत बॉनेट उघडून चारी बाजूंनी पाहता येते, त्या गाड्यांचा अनुभव येथे पुरा पडत नाही. नळ्यांचा मोठा भाग पत्र्याच्या आड, फरशीखालून जातो. धूळ, चिखल आणि चाकांनी उडवलेली खडी सोसून त्यांतील लोखंडी तुकडे आतबाहेरून गंजतात. रबरी नळी त्या तुकड्यावर जेथे चढवलेली असते, नेमक्या त्या ठिकाणी, पकडपट्टीच्या खाली, गंजाने खवले धरलेले असतात. वरून पट्टी घट्ट, नळी नवी, आणि पाणी खवल्यांमधून वाट काढीत असते. पट्टी सैल करून नळी मागे सारल्याशिवाय हे कळत नाही. रॅम्पवर किंवा खड्ड्यावर गाडी घेऊन, विजेरी आणि काडीला बांधलेला छोटा आरसा यांच्या साहाय्याने ही सारी वाट एकदा डोळ्यांखालून घालावीच लागते.

काही गळत्या फक्त थंडीत होतात. रात्री धातू आणि रबर दोन्ही आकुंचन पावतात. पण सारखे नाही. पट्टीखाली फट पडते, पहाटे चार-दोन थेंब पडतात, आणि इंजिन गरम होताच फट बुजते. दिवसा गॅरेजमध्ये नेलेली गाडी निर्दोष ठरते ती यामुळे. यावर कापसाच्या या गावात सोपा उपाय आहे. रात्री गाडी लावल्यावर इंजिन निवू द्यावे आणि संशयित सांध्यांभोवती स्वच्छ कापसाचा पातळ पेळू गुंडाळून ठेवावा. गाडीखाली कोरे कागद पसरावेत. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी पाहावे. कोणता पेळू भिजला, कागदावर डाग कोठे आणि कोणत्या रंगाचा, यावरून पुष्कळ उलगडा होतो. मात्र इंजिन सुरू करण्यापूर्वी सर्व कापूस मोजून काढून घ्यावा. पट्ट्यात किंवा पंख्यात तो अडकला, किंवा तापलेल्या धुराच्या नळीला चिकटला, तर एका दुखण्यातून दुसरे उभे राहील. वातानुकूलित गाडीखाली उन्हाळ्यात जे पाणी ठिबकते त्यास वास नसतो, चिकटपणा नसतो आणि ते बोटावर सहज वाळते. त्यास गळती समजून घाबरण्याचे कारण नाही.

यापुढचे साधन म्हणजे दाबाचा पंप. रेडिएटरच्या तोंडावर बसणारा हा हातपंप आणि त्यावरील मापक, एवढेच त्याचे स्वरूप. इंजिन थंड असताना रेडिएटर काठोकाठ भरून टोपणाच्या जागी पंप लावावा आणि टोपणावर जो आकडा असेल तेवढाच दाब द्यावा. त्याहून अधिक कदापि नाही, कारण जुन्या रेडिएटरचे प्लॅस्टिकचे डोके त्या अतिउत्साहात तडकते. मग अर्धा तास थांबावे. काटा खाली आला तर गळती आहे, हे निश्चित. ती रस्त्यावरच्या धावपळीत नव्हे, तर उभ्या, थंड, शांत इंजिनावर होत असल्याने थेंब आटत नाही आणि दिसतो. जुळणाऱ्या नळकांड्याने टोपणही याच पंपावर तपासता येते. काटा स्थिर राहिला तर इंजिन गरम करून, पुन्हा निवू देऊन, कोमट स्थितीत तीच चाचणी करावी. एका गॅरेजला हा पंप परवडत नसेल तर चार गॅरेजनी मिळून एक घ्यावा. रेडिएटर उतरवून, वेल्डिंग करून, पुन्हा चढवून मग दोष तेथे नव्हताच असे आढळणे, यापेक्षा ते फार स्वस्त पडते.

वर कल्पिलेल्या गाडीकडे परत येऊ. तिच्या इंजिनाच्या मागील अंगास, ठोकळ्यावर, पांढरे ओघळ होते. कारागिराने तेथील पत्र्याच्या टोप्यांवर संशय घेतला. इंजिनाचा ठोकळा ओतताना राहिलेली छिद्रे बंद करणाऱ्या या टोप्या साधे पाणी वापरणाऱ्या गाड्यांत आतून गंजतात आणि सुईच्या टोकाएवढे भोक पडते, हे खरेच आहे. पण येथे टोप्या शाबूत निघाल्या. दोष होता पुढे, पाण्याच्या पंपात. पंपाचा दांडा पट्ट्यावर फिरतो. त्याच्या एका अंगास पाणी आणि दुसऱ्या अंगास बेअरिंग. मध्ये एक सील. सील झिजली तर पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये म्हणून पंपाच्या बुडाशी एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. पाणी त्यातून ठिबकू लागले, म्हणजे पंप स्वतःच आपल्या शेवटाची सूचना देत असतो. गाडी उभी असता दांडा फिरत नाही, सीलची तोंडे एकमेकांस टेकलेली असतात, थेंब पडत नाही. दाबाच्या चाचणीतही ती कधी कधी दगा देते. इंजिन वेगात आले की ठिबकणे सुरू होते, आणि पंख्याचा वारा ते थेंब मागे उडवून इंजिनाच्या पाठीवर फेकतो. दोष पुढे आणि खूण मागे! ओघळ जेथे दिसतो तेथून नेहमी वर आणि पुढे शोधत जावे, हा नियम जुने कारागीर सांगतात तो याच कारणास्तव.

हे छिद्र गळते म्हणून त्यात एम-सील भरणारे महाभागही आढळतात. पाणी मग बेअरिंगमध्ये शिरते, बेअरिंग जाम होते, पट्टा तुटतो, आणि ज्या गाड्यांत पंखा पंपाच्याच दांड्यावर बसवलेला असतो तेथे तो पंखा निखळून रेडिएटरमध्ये घुसतो.

हळदीचीही हकीकत सांगून टाकावी. रेडिएटरमध्ये हळद किंवा साबण टाकण्याची चाल देशभर आहे. हळदीची पूड बारीक भोकापाशी जमून फुगते आणि काही काळ वाट बुजवते. आडरानात रुग्ण घेऊन गाडी उभी राहिली असेल तर हळदीने गाव गाठणे यात गैर काही नाही. पण तीच पूड रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही जमते. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद द्रावणांचा गुणधर्मही बराचसा हाच. गाव गाठल्यावर सारे पाणी काढून मंडल धुवून घेतले नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात गळती नसलेली गाडीही तापू लागते.

बाहेर कोठेही खूण नाही, पंप कोरडा आहे, दाबाच्या चाचणीत काटा मात्र खाली येतो, अशा वेळी आतील गळतीचा विचार करावा. सिलिंडर हेड आणि ठोकळा यांमधील गॅस्केट जळाले असेल, किंवा हेडला तडा गेला असेल. त्याची लक्षणे अशी की, पहाटे थंड इंजिन सुरू करताच एक-दोन मिनिटांत, पाणी तापण्यापूर्वीच, वरची नळी दगडासारखी घट्ट होते. कारण ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असतो. इंजिन गरम झाल्यावरही धुराड्यातून पांढरी, किंचित गोड वासाची वाफ येत राहते. थंडीच्या सकाळी पहिली काही मिनिटे निघणारी वाफ निराळी, तीवरून घाबरू नये. ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ चहासारखा फेस दिसला तर डिपस्टिकही पाहावी. केवळ टोपणाखाली थोडा फेस आणि डिपस्टिकवर स्वच्छ ऑइल, ही गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत साचलेल्या दमटपणाचीही खूण असू शकते. एवढ्याच पुराव्यावर हेड उतरवणे म्हणजे मालकावर अन्याय होय.

निश्चिती करण्यासाठी निळ्या द्रावणाची चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावर जमणारी हवा एका काचेच्या नळीतील निळ्या द्रावणातून ओढावयाची; त्या हवेत ज्वलनातून आलेला कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत रंग पिवळा होतो, डिझेलच्या बाबतीत हिरवटाकडे झुकतो. पाणी द्रावणात जाऊ न देण्याची काळजी घेतली की पाच मिनिटांत निकाल मिळतो. दुसरी रीत अशी की, रात्रभर मंडलावर दाब ठेवून सकाळी पेट्रोल गाडीचे प्लग किंवा डिझेल गाडीचे इंजेक्टर काढावेत आणि मगच स्टार्टर किंचित फिरवावा. एखाद्या छिद्रातून पाण्याचा फवारा आला तर दोषी सिलिंडर सापडला. फवाऱ्यासमोर तोंड नेऊ नये, हे सांगण्याची वेळ येऊ नये. ज्या गाडीत रात्रीतून सिलिंडरमध्ये पाणी साचल्याचा संशय आहे, तिचा स्टार्टर प्लग वा इंजेक्टर न काढता मारणे धोक्याचे आहे. पाणी दाबले जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

तापलेल्या गाडीच्या चालकास मापकाचा काटा वाचवील अशी समजूत आहे, तीही तपासून घ्यावी. काट्याशी जोडलेला संवेदक पाण्यात बुडालेला असतो. पाणी त्याच्या पातळीखाली गेले की तो वाफेत किंवा हवेत लोंबकळत राहतो, आणि इंजिन जळत असताना काटा मात्र मध्यावर किंवा त्याखाली येऊन स्थिरावतो. चढावर वर गेलेला काटा एकाएकी खाली आला, तर ती सुटकेची बातमी नव्हे. गाडी बाजूस घ्यावी आणि इंजिन बंद करावे. पुढील दहा किलोमीटर ओढत नेल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकते; मग फेसिंग, गॅस्केट आणि क्वचित संपूर्ण हेड, असा खर्च वाढत जातो. तापलेल्या इंजिनावर वा आत लगेच थंड पाणी ओतले तर तडा जाण्याची भीती असते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र पसरली आहे, आणि ती सोडावी असे आग्रहाने म्हणावे लागेल. गाडी तापते, म्हणून पाण्याची वाट अडवणारा हा भाग कारागीर काढून टाकतो. काटा थोडा खाली येतो आणि मालक खूश होतो. पण छुपी गळती तशीच राहते. तिचे लक्षण तेवढे झाकले जाते. इंजिन योग्य तापमानास पोहोचण्यास उशीर लागतो, डिझेल अधिक जळते, झीज वाढते. तापाच्या रुग्णाचा थर्मामीटर फोडण्यासारखा हा प्रकार आहे.

दोष सापडून दुरुस्ती झाल्यावर मंडल कशाने भरावे? कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात. रंगावरून जात ठरत नाही. हिरवे म्हणजे अमुक आणि गुलाबी म्हणजे तमुक, असा सर्व कंपन्यांना बांधणारा नियम नाही, आणि भिन्न जाती मिसळल्यास गाळ बसू शकतो. आपल्या भागात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशास, असे अनेकजण विचारतात. गोठण्याचा प्रश्न येथे नाही हे खरे. परंतु गंज रोखणारी द्रव्ये कूलंटमध्येच असतात, आणि वर सांगितलेल्या खवले धरलेल्या नळ्या, भोके पडलेल्या टोप्या, झिजलेल्या सील यांचा उगम गंजात आणि चुन्यातच आहे. वर्षभराच्या खर्चाचा विचार केला तर बोअरचे फुकट पाणी सर्वांत महाग पडते.

भरतानाही घाई करू नये. व्हॅनमधील लांब नळ्यांत हवा अडकून राहते. पुढचा भाग किंचित उंचावर घेऊन, इंजिन थंड असताना टोपण उघडे ठेवून हळूहळू भरावे, मग इंजिन संथ चालू करून बुडबुडे येणे थांबेपर्यंत भरत राहावे. पाणी उसळू लागण्यापूर्वी टोपण लावावे. तरीही पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी खाली येते. ती अडकलेली हवा बाहेर पडल्याची खूण असते, नव्या गळतीची नव्हे. त्यानंतर मात्र पातळी स्थिर राहिली पाहिजे. म्हणून चोपडीतील नोंद दुरुस्तीनंतरही आणखी पंधरा दिवस चालू ठेवावी, आणि त्यात एक तरी चढाची व एक तरी भरलेल्या गाडीची फेरी असावी. महबूब घाट चढून आलेल्या गाडीची पातळी दुसऱ्या सकाळी जेथल्या तेथे असेल, तर त्या गाडीत रात्री रुग्ण बसवण्यास हरकत नाही.

काढलेले जुने कूलंट गॅरेजपुढच्या नालीत ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल हे विष आहे आणि चवीला गोड असते, त्यामुळे कुत्री आणि गुरे ते चाटतात आणि लहान मुलेही फसतात. ते झाकणाच्या डब्यात, वर स्पष्ट चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच भरू नये.